मुलं ग्रंथालयात नेमकं करतात तरी काय?

कॉलेजच्या ग्रंथपालांशी बोललं की हल्ली दोन तक्रारी एका दमात ऐकू येतात. एक, मुलं पुस्तकं नेत नाहीत, देवघेव वर्षागणिक घटतेय. दोन, वाचनकक्षात जागा पुरत नाही, परीक्षा जवळ आली की दार उघडायच्या आधीच बाहेर रांग असते. मग ग्रंथालय ओस पडलंय की भरून वाहतंय? हा प्रश्न नुसता गप्पांपुरता नाही. पुढच्या वर्षीचा पैसा पुस्तकांवर घालायचा, ऑनलाइन डेटाबेसवर (म्हणजे लेख-नियतकालिकांच्या शोधता येणाऱ्या साठ्यांवर), की टेबल-खुर्च्यांवर, हे त्यावर ठरतं. त्यात आता चॅटजीपीटी आलंय, त्यामुळे ‘ग्रंथालय हवंच कशाला’ इथपर्यंत चर्चा जाते.

उत्तर बहुधा आकड्यांत शोधलं जातं. कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था म्हणजे नॅक. तिच्या मूल्यमापनात ग्रंथालयाचा रोजचा वापर विचारला जात आलाय: दिवसाला किती विद्यार्थी-शिक्षक आले, ऑनलाइन लॉगिन किती झाली. म्हणून दारावर रजिस्टर असतं किंवा बारकोड स्कॅनर असतो, आणि वर्षाच्या शेवटी बेरीज होते. आकडे हवेतच. पण कुकरच्या शिट्ट्या मोजल्या म्हणून आत काय शिजलं आणि घरातलं कोण उपाशी राहिलं हे कळत नाही. रजिस्टरात सही करून आत गेलेली मुलगी संदर्भग्रंथ शोधायला गेली असेल, घरी निवांतपणा नाही म्हणून स्वतःची पुस्तकं घेऊन बसायला गेली असेल, नाहीतर मोबाइल चार्ज करायला. सही सगळ्यांची सारखीच दिसते.

ही आतली गोष्ट कळावी म्हणून गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी एक वेगळा मार्ग धरला. त्यांनी मानवशास्त्रज्ञांना, म्हणजे माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्यांना, थेट ग्रंथालयात बोलावलं. त्या अभ्यासांतून जे पुढे आलं त्यानं ग्रंथपालांच्या अनेक ठाम समजुती मोडीत निघाल्या. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा होत नाही. ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

एथ्नोग्राफी म्हणजे काय?

लोकांमध्ये जायचं, त्यांच्याबरोबर वेळ घालवायचा, ते काय करतात ते बारकाईनं पाहायचं, टिपून ठेवायचं आणि ते तसं का करतात हे त्यांच्या बाजूनं समजून घ्यायचं, या पद्धतीला एथ्नोग्राफी म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हे मानवशास्त्रज्ञ पॅसिफिक महासागरातल्या ट्रॉब्रियंड बेटांवर तिथल्या लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले. तेव्हापासून ही पद्धत मानवशास्त्राचा कणा झाली.

आपल्याला जवळचं उदाहरण इरावती कर्वे यांचं. त्या पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर पायी चालल्या. वाटेत भजन सगळ्यांचं एकत्र होतं, जेवणाच्या पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. आता कल्पना करा, कुणी प्रश्नावली घेऊन वारकऱ्यांना विचारलं असतं, ‘वारीत भेदाभेद होतो का?’ बहुतेकांनी अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं असतं, कारण त्यांना तसंच वाटत असतं. पंगतीत बसलेल्या माणसाला जे दिसतं ते प्रश्नावलीत उतरत नाही.

ग्रंथालयात हीच नजर लावायची. फक्त इथं दूरच्या बेटावर जायचं नसतं, रोज समोरून जाणाऱ्या मुलांकडेच नव्यानं पाहायचं असतं. आणि ते जास्त अवघड जातं, कारण त्यांच्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे अशी आपली खात्री असते.

रोचेस्टरमध्ये काय झालं?

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठानं २००४ ते २००६ या काळात हा प्रयोग केला. ग्रंथालयानं नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानवशास्त्रज्ञ बाईंना कामावर घेतलं होतं. फॉस्टर आणि तिथल्याच ग्रंथपाल सुझन गिबन्स यांनी संपादित केलेला त्याचा अहवाल २००७ मध्ये पुस्तकरूपानं आला आणि पुढच्या बहुतेक अभ्यासांनी त्याचाच धडा गिरवला. प्रश्न अगदी साधा ठेवला होता: प्राध्यापकांनी शोधनिबंध लिहायला सांगितल्यावर मुलं नेमकं काय काय करतात?

साधनंही साधीच. नुकताच निबंध देऊन मोकळ्या झालेल्या विद्यार्थ्याला समोर बसवायचं, मोठा कागद द्यायचा आणि विषय मिळाल्या दिवसापासून निबंध हातावेगळा होईपर्यंतची एकेक पायरी चित्रात काढायला सांगायची. चित्र काढता काढता तो बोलत जातो, ‘इथं मी आठवडाभर काहीच केलं नाही’, ‘इथं मित्राला विचारलं’. फॉर्म भरताना अशा गोष्टी कुणी लिहीत नाही.

काही मुलांना एकदा वापरून टाकायचे कॅमेरे दिले आणि सोबत एक यादी. वर्गात जाताना बरोबर नेता त्या सगळ्या वस्तूंचा फोटो काढा. ग्रंथालयात हरवल्यासारखं वाटतं त्या जागेचा फोटो काढा. मग ते फोटो समोर ठेवून गप्पा. हरवल्यासारखं वाटणारी जागा म्हणून पुस्तकांच्या मांडण्यांचे फोटो आले. ग्रंथपालाच्या लेखी ती ग्रंथालयातली सगळ्यात शिस्तशीर जागा, प्रत्येक पुस्तकाला वर्गांक, प्रत्येक रांगेला पाटी. मुलांच्या लेखी ते रान.

काहींना विद्यापीठाचा नकाशा दिला आणि दिवसभर कुठं, किती वाजता गेलात ते त्यावर नोंदवायला सांगितलं. त्यातून मुलांची अखंड धावपळ दिसली. वर्ग, नोकरी, खेळ, जेवण, पुन्हा वर्ग, आणि अभ्यास बराचसा रात्री. लॅपटॉप बहुतेकांकडे होता, पण तो जड म्हणून अनेक जण खोलीवरच ठेवत. ‘मुलांकडे लॅपटॉप आहेत, मग ग्रंथालयात संगणक कशाला’ हा हिशेब त्या काळात किती फसवा होता ते यावरून कळतं. लॅपटॉप असणं आणि तो त्या क्षणी हाताशी असणं, यातलं अंतर खरेदीच्या आकडेवारीत दिसत नसतं.

रात्रीच्या अभ्यासानं आणखी एक गोष्ट उघड केली. संदर्भ विभागातले, म्हणजे हवी ती माहिती शोधायला मदत करणारे, ग्रंथपाल संध्याकाळी घरी जात, आणि मुलांना अडचण येई ती त्यानंतर. अडलं की मुलं कुणाला विचारत? मित्राला, आणि बऱ्याचदा आई-वडिलांना. विषय कोणता घेऊ इथपासून, लिहिलेलं एकदा वाचून बघ इथपर्यंत. कॉलेजात गेलेली मुलं घरापासून सुटी होतात असं संशोधक धरून चालले होते, ते खोटं ठरलं.

यावर ग्रंथालयानं काय केलं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मुलांना उपदेश करायच्या फंदात न पडता त्यांनी नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांनाच नाश्त्याला बोलावलं आणि सांगितलं, की मुलाचा फोन आला तर त्याला आमच्याकडे पाठवा, प्रत्येक विषयासाठी आमच्याकडे एक ग्रंथपाल आहे. ज्याचा शब्द मुलगा ऐकतो त्याच्यामार्फत मुलापर्यंत जायचं. शिवाय संदर्भ विभाग रात्री उशिरापर्यंत चालू ठेवायचा प्रयोगही करून पाहिला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तिचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. मुलाखतींचं चित्रीकरण कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून पाहिलं. मानवशास्त्रज्ञानं अहवाल लिहून दिला असता तर तो कपाटात गेला असता. पण वीस वर्षं संदर्भ विभागात काढलेल्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी एखाद्या मुलीला आपल्याच वेबसाइटवर चाचपडताना पाहिलं, की तिथं वाद घालायला जागा राहत नाही.

गूगलवर वाढलेल्या मुलांना शोधता येतं का?

दुसरा मोठा अभ्यास इलिनॉय राज्यातला. २००८ ते २०१० या काळात पाच विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी तो मिळून केला: इलिनॉय वेस्लियन, डीपॉल, नॉर्थईस्टर्न इलिनॉय, आणि इलिनॉय विद्यापीठाचे शिकागो आणि स्प्रिंगफिल्ड इथले दोन परिसर. अँड्र्यू ॲशर आणि सुझन मिलर हे मानवशास्त्रज्ञ त्यात होते.

इथं संशोधक विद्यार्थ्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, तू एरवी जसं शोधतोस तसं शोध, आणि मनात काय चाललंय ते बोलत राहा. इलिनॉय वेस्लियनमध्ये अशा ३० विद्यार्थ्यांचं शोधणं पाहिलं. ग्रंथपालाच्या दृष्टीनं बऱ्यापैकी म्हणता येईल असा शोध त्यातल्या फक्त ७ जणांनी घेतला. आणि हे काही पहिल्या वर्षाच्या बुजऱ्या मुलांपुरतं नव्हतं. सगळ्याच वर्षांची मुलं अडखळत होती.

अडखळणं कसलं? मुलं कुठलीही शोधपेटी गूगलसारखीच वापरत. अख्खं वाक्य टाकायचं, हजारो निकाल आले की आणखी चार शब्द जोडायचे, काहीच आलं नाही की या विषयावर काही लिहिलंच गेलं नाही असं समजायचं. डेटाबेस आतून वेगळा चालतो, तिथं विषयवार शीर्षकं असतात, वर्ष आणि प्रकार लावून चाळता येतं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नव्हतं. बरं, गूगल तरी नीट वापरता येत होतं म्हणावं, तर तेही नाही. निकाल कशाच्या आधारावर वरखाली लागतात याचा अंदाज नव्हता. ॲशर यांनी पुढं सहकाऱ्यांबरोबर केलेल्या आणखी एका अभ्यासातही मुलांनी निवडलेले बहुतेक संदर्भ पहिल्या पानावरचेच निघाले. म्हणजे संदर्भाची निवड मुलं करत नव्हती, यंत्रानं लावलेला क्रम करत होता.

पण या अभ्यासातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. शोधता शोधता अनेक मुलं अक्षरशः रडकुंडीला आली, तरी त्यातल्या एकानंही ग्रंथपालाला विचारलं नाही. ग्रंथपाल विषयातली मदत करतो हेच अनेकांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तो पुस्तकं लावणारा किंवा अमुक कपाट कुठं आहे ते सांगणारा माणूस. मुलं विचारत प्राध्यापकांना. त्यामुळे प्राध्यापकानं ‘एकदा ग्रंथपालांना भेट’ म्हटलं तरच वाट उघडत होती, आणि प्राध्यापक ते क्वचितच म्हणत, कारण मुलांना एवढं येत असेलच असं ते गृहीत धरून चालत.

मग चूक मुलांची म्हणायची का?

हे वाचून ‘आजकालची पिढी’ अशी सुरुवात करायचा मोह होतो. पण या अभ्यासांचा रोख त्याच्या उलट आहे. मुलानं विचारलं नाही, तर विचारायची सोय कुणाला दिसेल अशी ठेवली होती? संदर्भ विभागाचं टेबल कोपऱ्यात, त्यावर ‘संदर्भ सेवा’ अशी पाटी. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ‘संदर्भ सेवा’ म्हणजे आपल्या अडलेल्या निबंधावर मदत, हे कळणार कसं? शिवाय टेबलामागचा माणूस कामात दिसतो, त्याला त्रास कसा द्यायचा असा संकोच असतो. आपल्याकडे तर मुलाच्या पोटात भीतीच असते, ग्रंथपालाशी संबंध येतो तो दंड भरताना नाहीतर ‘आवाज नको’ ऐकताना.

मुलांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं वागणं सुसंगत आहे. निबंध उद्या द्यायचाय, पाच संदर्भ हवेत, पहिल्या पानावर पाच मिळाले, काम झालं. सगळ्यात चांगले पाच मिळवायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तेव्हा दुरुस्ती निबंध देण्याच्या पद्धतीतही करावी लागते. संस्थेनं वर्षातून एकदा तासाभराची ग्रंथालय-ओळख ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

घरात जागा नसलेली मुलं

रोचेस्टरची मुलं बरीचशी विद्यापीठाच्या आवारातच राहणारी होती. न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीतली मुलं तशी नाहीत. ती शहरात घरी राहतात, बरीच जण नोकरी करतात आणि सबवेनं ये-जा करतात. मॉरा स्मेल आणि मारियाना रेगालाडो या तिथल्या दोन ग्रंथपालांनी २००९ पासून अनेक कॉलेजांत अशा मुलांचा अभ्यास केला. कॅमेरा, नकाशा आणि चित्र ही रोचेस्टरचीच साधनं त्यांनी तिथल्या परिस्थितीला बेतून घेतली.

त्यांना दिसलं ते कुठल्याही मुंबईकराला ओळखीचं वाटेल. गाडीत उभ्यानं वाचन. फोनवर टाइप केलेले निबंध. घरी भावंडं, टीव्ही, कामं, त्यामुळे अभ्यासाला कॉलेजचं ग्रंथालय. तिथं शांत कोपरा आधी कोण गाठतो याची चढाओढ, आणि तासाच्या आधी प्रिंट काढायला रांग. या मुलांना ग्रंथालयाकडून हवं होतं ते आधी खुर्ची, प्लग, चालणारा प्रिंटर आणि शांतता. पुस्तक त्यानंतर.

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या खासगी अभ्यासिका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. एमपीएससीची तयारी करणारी मुलं महिन्याची फी भरून तिथं एक खुर्ची घेतात. फळीनं वेगळं केलेलं टेबल, वर दिवा, खाली प्लग. पुस्तकं ज्याची त्यानं आणायची. म्हणजे वाचायला बसण्याच्या जागेसाठी, फक्त जागेसाठी, खेड्यातून आलेलं मूल पैसे मोजतंय. आणि त्याच शहरातली कॉलेजं ‘ग्रंथालयाचा वापर घटलाय’ असं म्हणताना देवघेवीचे आकडे दाखवतात. कॉलेजच्या वाचनकक्षात स्वतःची पुस्तकं आणायला बंदी असेल, बॅग बाहेर ठेवावी लागत असेल, संध्याकाळी कुलूप लागत असेल, तर मूल अभ्यासिकेकडे वळणारच. यातला कुठला नियम किती मुलांना बाहेर घालवतो, हे कुठल्याच रजिस्टरात नोंदलेलं नसतं. जी मुलं येत नाहीत ती सही कुठून करणार?

सरळ मुलांनाच विचारलं तर काय बिघडलं?

विचारावं, जरूर विचारावं. पण एवढ्यावर भागत नाही. माणूस खोटं बोलतो असं नाही, त्याला स्वतःच्या सवयी नीट दिसत नाहीत आणि जे चांगलं दिसेल ते उत्तर आपोआप तोंडी येतं. विल्यम रॅथजी या पुरातत्त्वज्ञानं १९७३ पासून अमेरिकेतल्या टूसॉन शहरातला घराघरांतला कचरा तपासला. लोकांनी आपण किती बिअर पितो म्हणून सांगितलं होतं आणि कचऱ्यात बाटल्या-डबे किती निघाले, यात मोठी तफावत होती.

‘तुम्ही ग्रंथालयाचे डेटाबेस वापरता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही.’ यावर ‘कधीकधी’वर खूण करणारा मुलगा डेटाबेस कशाला म्हणत होता, हा पहिला प्रश्न. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. प्रश्नावलीत आपल्याला सुचलेलेच प्रश्न असतात. मुलं रात्री आईला फोन करून निबंधाबद्दल विचारतात, हे आधी डोक्यातच नसेल तर तो प्रश्न लिहिणार कोण?

तीस मुलांवरून काय सिद्ध होतं?

ही शंका रास्त आहे. तीस मुलं पाहून ‘महाराष्ट्रातले इतके टक्के विद्यार्थी’ असं काही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. वरचा ७ चा आकडासुद्धा त्या कॉलेजातल्या त्या मुलांबद्दलच सांगतो. पण वेबसाइटवरची ‘ई-संसाधने’ ही पाटी दहापैकी आठ मुलांना कळली नाही, असं समजा तुमच्या ग्रंथालयात दिसलं, तर ती बदलायला हजार मुलांची पाहणी लागत नाही. किती हे मोजणीनं कळतं, का आणि कसं हे पाहण्यानं. एकात अडलेला धागा दुसऱ्यात धरता येतो, म्हणून दोन्ही हाताशी असावीत.

टीका आतूनही झाली आहे. मानवशास्त्रज्ञ डॉना लँक्लॉस आणि इलिनॉयच्या अभ्यासातले अँड्र्यू ॲशर यांनीच २०१६ मध्ये लिहिलं, की ग्रंथालयांत एथ्नोग्राफीच्या नावावर जे चालतं त्यातलं बरंचसं तुकड्या-तुकड्यांचं आहे: एक छोटा प्रकल्प, एक ठरीव प्रश्न, तेवढ्यापुरतं उत्तर. मुलांच्या जगण्यात खोल शिरायला लागणारा वेळ आणि मोकळीक संस्था देत नाहीत. ती टीका मला पटते. तरीही काहीच न पाहण्यापेक्षा तुकड्यानं पाहिलेलं बरं, फक्त त्यावरून मोठमोठे निष्कर्ष काढू नयेत.

ही मुलांवर पाळत नाही का?

होऊ शकते, म्हणून आधी नियम ठरवायचे. विद्यार्थ्याला काय, कशासाठी पाहतोय ते सांगायचं, त्याची लेखी संमती घ्यायची, कधीही ‘नको’ म्हणायची मुभा द्यायची, नावं काढून टाकायची, आणि त्यातलं काहीही गुणांपर्यंत किंवा शिस्तपालन समितीपर्यंत जाऊ द्यायचं नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत अशा अभ्यासाला आधी नैतिकता समितीची परवानगी लागते.

वाचनकक्षातल्या सीसीटीव्हीचं चित्रण काढून पाहणं म्हणजे हा अभ्यास नव्हे. कॅमेऱ्यात मुलगा दोन तास मान खाली घालून बसलेला दिसेल. तो गणित सोडवत होता, घरच्या काळजीत होता की झोप लागली होती, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. आणि ज्याला न सांगता पाहिलं तो आपल्याशी मोकळेपणी बोलणारही नाही.

मुलं मागतील ते द्यायचं का?

रोचेस्टरनं मुलांना तुमच्या मनातलं ग्रंथालय काढा म्हणून कागद दिले, तेव्हा आरामशीर बैठका आल्या, खाणं आलं, आणि एक मजेशीर गोष्ट आली: टेबलामागे असा एकच माणूस, जो संदर्भ शोधून देईल, पुस्तकाची नोंद करेल, संगणक बिघडला तर दुरुस्त करेल आणि कॉफीही करून देईल. असा माणूस कुठून आणणार? पण त्या चित्रातली मागणी कळते. या खिडकीवरून त्या खिडकीवर जायला लावू नका, एवढंच मुलं सांगत होती. चित्र शब्दशः घ्यायचं नसतं, त्यामागची नड ओळखायची असते. तिथं २००७ मध्ये सुरू झालेल्या नव्या ग्लीसन ग्रंथालयाच्या आखणीत मुलांच्या अशा सूचना जमेला धरल्या गेल्या, हलवता येणारं फर्निचर, गटानं बसायच्या जागा वगैरे.

पुस्तकांना फाटा देऊन नुसता कॅफे थाटा, असं या अभ्यासांचं म्हणणं नाही. उलट शांत, जुन्या पद्धतीच्या वाचनकक्षावर जीव असलेली मुलंही त्यात भेटतात.

हे सगळं चॅटबॉटच्या आधीचं नाही का?

आहे. २००५ मधला जड लॅपटॉप आज नाही, आणि गूगलच्या जागी बरीच मुलं थेट चॅटबॉटला विचारतात. म्हणून जुने निष्कर्ष जसेच्या तसे उचलायचे नाहीत. पण त्यांनी लावलेली नजर आज जास्तच लागेल. चॅटबॉट कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ छान सजवून देतो, आणि मुलं तो लेख शोधत ग्रंथालयात येतात. रिकाम्या हातानं परतलेल्या मुलाला काय वाटतं? चॅटबॉट चुकला, की आपलं ग्रंथालयच तोकडं? रात्री अकराला आईला जाणारा फोन आता चॅटबॉटकडे वळलाय का, की दोन्ही चालू आहेत? मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी लेख त्याच्याकडून समजून घेते, की लेखाऐवजी त्याचा सारांशच वाचते? यावर मतं पुष्कळ ऐकू येतात. मुलांच्या शेजारी बसून पाहिलेलं मात्र कमी.

आपल्याकडे कसं सुरू करता येईल?

मानवशास्त्रज्ञ नेमायला पैसे नाहीत, ही अडचण खरी. पण न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतला अभ्यास ग्रंथपालांनीच केला होता, आणि आपल्या विद्यापीठांत समाजशास्त्राचे विभाग आहेत, त्यांच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करायचंच असतं. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचे १९३१ मधले पाच नियम पाठ असतात, वाचकाचा वेळ वाचवा हा त्यातलाच एक. वाचकाचा वेळ जातो कुठं हे पाहणं त्याच नियमाचं काम आहे.

सुरुवातीला इलिनॉयच्या अभ्यासातलं एक साधन उचलावं, त्याला कोरा कागद आणि तीन रंगांची पेनं पुरतात. विद्यार्थ्याला सांगायचं, ग्रंथालयाचा नकाशा आठवून काढ. वेळ सहा मिनिटं, दर दोन मिनिटांनी पेनाचा रंग बदलायचा. चित्रकला कशी आहे याला महत्त्व नाही. पहिल्या रंगात काय आलं ते पाहायचं, कारण मनात आधी तेच असतं. समजा निळ्यात दार, नेहमीचं टेबल आणि प्लग आले, हिरव्यात पाणी प्यायची जागा आणि झेरॉक्स, लाल पेन हातात आल्यावर घाईघाईनं ‘पुस्तकं’ म्हणून एक चौकोन. आणि संदर्भ विभाग, नियतकालिकांचं दालन, ग्रंथपालांची केबिन यांतलं काहीच आलं नाही. मग त्याला चिडवायचं नाही, फक्त विचारायचं: या चौकोनात शेवटचा कधी गेला होतास, काय शोधत होतास, मिळालं का, नाही मिळालं तर पुढं काय केलंस?

वेगवेगळ्या वर्षांच्या, वसतिगृहातल्या आणि लोकलनं येणाऱ्या, अशा दहा-बारा मुलांचे कागद जमले की सगळ्या कर्मचाऱ्यांनी, शिपायांसकट, एका टेबलाभोवती बसून ते पाहावेत. शिपाई असावाच, कारण मुलं सगळ्यात जास्त त्याच्याशी बोलतात. मग एकच गोष्ट निवडून बदलावी: पाटीची भाषा, टेबलाची जागा, बॅगेचा नियम, बंद व्हायची वेळ. पुढच्या सत्रात नव्या मुलांना पुन्हा कोरा कागद द्यावा. आणि जी मुलं ग्रंथालयात येतच नाहीत त्यांच्यासाठी तो कागद घेऊन कँटीनमध्ये जावं.